नांदेडचं वाद्यदुरुस्तीचं दुकान: पेटी द्या, तबला द्या, तानपुरा नको

पेटीचा (हार्मोनियमचा) भाता फाटला तर चिकटवून देणारे आमच्या परभणीत मिळतात. सूर लावून देणारा मला तरी मिळाला नाही. माझ्याकडे गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षांना बसणारी मुलं-मुली येतात, प्रारंभिकपासून विशारदपर्यंत. पेट्या सतत वाजत्या असतात, त्यामुळे दुरुस्तीचं काम निघतंच. आता ते सगळं मी नांदेडला नेते. गुरुद्वाऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्याच्या आतल्या एका गल्लीत हे दुकान आहे. पाटी पुसट झालीय, पण कुणालाही 'पेटीवाले चाचा' विचारा.

पुढच्या भागात नवा माल आहे, तिथे थांबू नका. पॉलिश चकचकीत, भाता कडक, आणि भाव पुण्याच्या दुकानांपेक्षा काही स्वस्त नाहीत. दुकानाची खरी किंमत पडद्याच्या मागे आहे. तिथे चाचा बसतात.

माझी पेटी खर्ज-नर अशी दोन सुरांची, म्हणजे एक पट्टी दाबली की एक जाड आणि एक मधला असे दोन सूर वाजतात. मध्य सप्तकातला गांधार (ग) दाबला की दोन्ही सूर एकमेकांशी भांडायचे, आवाज थरथरायचा. चाचांनी पेटी उघडण्याआधीच विचारलं, "ताई, गाते कौन? आप की बच्चे?" मग गाण्याची पट्टी, म्हणजे सा कुठे धरता, ते विचारलं. मुली काळी चारला (चौथ्या काळ्या पट्टीला सा धरून) गातात, मुलं काळी एकला, असं सांगितल्यावर सुरांची पाटी बाहेर काढली. पितळी जिभेखाली पातळ पत्री सरकवली आणि बारीक कानशीनं दोन-तीनदा हलकंच घासलं. टोकाकडे घासलं की सूर चढतो, रिबिटाकडे घासलं की उतरतो. घासायचं, हवा द्यायची, ऐकायचं, परत घासायचं. मोबाईलवरचं ट्यूनर त्यांनी फक्त पहिला सा लावायला घेतलं. पुढचं सगळं सा-प आणि सा-सा जुळवत कानानं.

मी जरा चावटपणा केला. म्हटलं, गांधार तानपुऱ्यासारखा लावून द्या की. ज्यांना हा घोळ माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. तानपुऱ्याचा खर्ज (सगळ्यात जाड तार) नीट बोलत असेल तर त्यातून एक गांधार आपोआप ऐकू येतो. पेटीचा शुद्ध गांधार त्याच्यापेक्षा किंचित चढा असतो. पेटीच्या दोन शेजारच्या सुरांमधल्या अंतराचे 100 भाग केले, तर जवळपास 14 भाग. यमन राग गाताना नी-रे-गवर थांबलं की ज्याला कान आहे त्याला हे टोचतं. आकाशवाणीनं 1940 पासून 1971 पर्यंत पेटीला बाहेर ठेवलं, त्यामागे जी कारणं दिली जायची त्यात हे एक होतं, मींड (एका सुरावरून दुसऱ्यावर न तुटता घसरत जाणं) निघत नाही हे दुसरं. चाचा म्हणाले, "एकीच पट्टी पे गाना तो उतार देतूं. सबके वास्ते होना तो नक्को." बरोबरच आहे. काळी चारचा गांधार उतरवला की काळी एकच्या मुलांचं गणित बिघडणार. क्लासची पेटी आहे, मी गप्प बसले. संपूर्ण पेटी सुरात लावून, भात्याचं कातडं बदलून अठराशे रुपये घेतले. माझ्या मते वाजवी.

शेजारी एक रागीजी (गुरुद्वाऱ्यात कीर्तन गाणारे) त्यांची पेटी तपासत बसले होते, हळूच राग आसा गुणगुणत. गुरू ग्रंथ साहिबातली बरीचशी बाणी (पदं) 31 मुख्य रागांत बांधलेली आहे आणि हजूर साहिबला, म्हणजे इथल्या गुरुद्वाऱ्यात, कीर्तन रोज चालतं. त्यामुळे चाचांच्या हाताखालून जाणारी पेटी नुसती भजनापुरती नसते. एवढी गिऱ्हाइकी रागातली असेल तर कान तयार होणारच.

चामड्याचं काम तर याहून सरस. तबल्याची पुडी (वरचं चामडं) तयार आणून चढवून देत नाहीत, खोड ठेवून घेतात आणि त्याच्या तोंडाच्या मापाची करतात. शाईचा एकेक थर देऊन दगडानं घोटताना मी पाहिलंय. त्या घोटण्यानं शाईला बारीक भेगा पडतात आणि आवाज मोकळा होतो. गुळगुळीत काळी शाई बघून भाळणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. फक्त ज्येष्ठात जाऊ नका. आषाढीच्या आधी दिंड्यांचे पखवाज ओळीनं येऊन पडतात आणि तुमचा तबला त्यांच्या खाली दबतो. लोह्याकडचा एक मुलगा पखवाज घेऊन आला होता, डाव्या अंगाला उंदरांनी कुरतडलेला. भजन झाल्यावर कणीक काढायची राहिली होती. चाचांनी त्याला असं काही झापलं की मीही घरी येऊन आमचा पखवाज तपासला.

आता तानपुरा. माझा मिरजेचा आहे. तिथल्या सतार-तानपुऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं ते ऐकून बरं वाटलं, पण मिरजेच्या कारागिरांनी आमचा मे महिना बघून वाद्य थोडंच बनवलंय? उन्हानं भोपळा आणि तबलीचा सांधा सुटला. सांधा इथे उत्तम बसवून मिळाला, तक्रार नाही. जवारी (तारा झणझणाव्यात म्हणून त्यांच्याखालची घोडी घासणं) मात्र चाचांच्या मुलानं केली, न विचारता. दुकानात छान झणझणत होता. घरी काळी चारला लावला तर जोडाच्या (मधल्या दोन) तारा पत्र्यासारख्या, खर्ज आखूड, गांधाराचा पत्ता नाही. मालकंस रागासाठी पहिली तार मध्यमावर आणली तर आणखीच वाईट. जीव (घोडीवर तारेखाली घालतात तो दोरा) मागेपुढे सरकवून बघितला, थोडा फरक पडला, तेवढाच. मुलानं काळी एकला लावून घोडी घासली होती, हे नंतर कळलं. कोण गातं, कुठल्या पट्टीत, हा बापाचा पहिला प्रश्न पोरानं उचलला नाही, एवढीच गोष्ट.

परत नेला तेव्हा चाचांनी ऐकला, मुलाकडे बघितलं आणि मला म्हणाले, "जवारी मेरे हात की नै. मिरज भेज देव." जवारीचे पैसे परत दिले, मी मागितले नव्हते. पण पं. नाथराव नेरळकरांसारखा गवई ज्या नांदेडनं दिला, तिथूनही जवारीसाठी वाद्य गोधडीत गुंडाळून मिरजेला धाडायचं, याचा मला राग आहेच. तो चाचांवर नाही.

जाणाऱ्यांसाठी: शुक्रवारी दुपारी दुकान बंद असतं. आठ दिवस म्हणाले की पंधरा धरा, त्यामुळे एप्रिल-मेच्या परीक्षेची पेटी होळीच्या आतच टाका. पावती मिळत नाही, पेटीवर चिकटपट्टी लावून नाव लिहितात, ते वाचून घ्या. वाद्य मुलाच्या हातात देऊ नका. चाचा जेवायला गेले असतील तर समोरच्या टपरीवर चहा घ्या आणि थांबा.