एनीइव्हेंट::एक्सएमपीपी : आठ महिन्यांच्या वापरानंतर

सर्व्हरवरील बॅकअप पूर्ण झाला की नाही, हे दररोज रात्री आम्हा चौघांना कळवणारा एक बॉट मी पर्ल या प्रोग्रामिंग भाषेत लिहिला असून, तो आठ महिने एनीइव्हेंट::एक्सएमपीपी या लायब्ररीवर चालतो आहे. एक्सएमपीपी हा तत्काळ संदेश पाठवण्याचा खुला प्रोटोकॉल आहे. सुरुवात फार सोपी होती. खाते जोडायचे, ‘सेशन_रेडी’, ‘मेसेज’ आणि ‘डिस्कनेक्ट’ या घटनांना कॉलबॅक, म्हणजे घटना घडताच चालणारी फंक्शन्स, लावायचे आणि घटनांची वाट पाहणारा लूप सुरू करायचा, एवढ्यावर पहिला संदेश पोहोचला. आलेल्या संदेशावर ‘मेक_रिप्लाय’ म्हटले की उत्तराचा पत्ता आपोआप भरला जातो, ही सोय मला विशेष आवडली.

खरी परीक्षा तिसऱ्या महिन्यात झाली. डिस्क भरल्यामुळे एका रात्री बॅकअप अर्धवट राहिला. बॉटच्या लॉगमध्ये ‘संदेश पाठवला’ अशी नोंद होती, आमच्या यादीत बॉट ऑनलाइन दिसत होता, पण संदेश कोणालाच मिळाला नव्हता. एक्सएमपीपीचे सारे संभाषण ५२२२ या पोर्टवरील एकाच दीर्घकाळ उघड्या राहणाऱ्या जोडणीवरून चालते, आणि दिवसभर निष्क्रिय राहिलेली ती जोडणी मधल्या फायरवॉलने दोन्ही टोकांना न कळवता विसरून टाकली होती. ‘सेंड’ यशस्वी झाले याचा अर्थ मजकूर आपल्याच यंत्राच्या बफरमध्ये गेला इतकाच असतो, हे मी त्या रात्री शिकलो. पोच देण्यासाठी असलेला एक्सएमपीपीचा एक्सईपी-०१९८ हा विस्तार या लायब्ररीत नाही, ही मला तिची सर्वांत मोठी उणीव वाटते. पिंगचा, म्हणजे समोरचे टोक जिवंत आहे का हे विचारण्याचा, एक्सईपी-०१९९ हा विस्तार मात्र आहे. तो जोडून ठरावीक वेळेत उत्तर न आल्यास जोडणी तोडण्याची व्यवस्था मी केली, ‘डिस्कनेक्ट’मध्ये पुन्हा जोडण्याचा टायमर लावला, आणि आमच्यापैकी कोणी उत्तर देईपर्यंत प्रत्येक संदेश फाइलमध्ये जपून ठेवू लागलो.

त्यानंतर जोडणी विनाकारण तुटू लागली, आणि तो दोष पूर्णपणे माझा होता. एका कॉलबॅकमध्ये मी डेटाबेसची लांबलचक क्वेरी चालवत होतो. ती संपेपर्यंत सगळा लूप थांबे आणि आलेले पिंगचे उत्तरही वाचले जात नसे. अशी कामे आता वेगळ्या प्रोसेसमध्ये जातात. ओमेमोसारखे, म्हणजे फक्त पाठवणारा आणि घेणारा यांनाच संदेश वाचता येईल असे, एन्क्रिप्शन हवे असणाऱ्यांनी या लायब्ररीकडे वळू नये. आपल्याच सर्व्हरवरील बॉटसाठी मात्र मी ती आजही निवडीन.

मराठी मजकुराबद्दल सविस्तर सांगणे आवश्यक आहे. लायब्ररी पर्लमधील अक्षरांची स्ट्रिंग घेते आणि तिचे यूटीएफ-८ बाइटांमध्ये एन्कोडिंग स्वतः करते. मी आधीच एन्कोड करून पाठवत असल्यामुळे ‘बॅकअप पूर्ण’ऐवजी चित्रविचित्र चिन्हे उमटत. फाइलच्या आरंभी ‘यूज यूटीएफ८’ नसेल, तर ‘नमस्कार’ची लांबी ७ ऐवजी २१ भरते, कारण देवनागरीतील प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेते. ते लिहिल्यानंतरही लांब संदेश ‘सबस्ट्र’ या फंक्शनने कापताना ‘कि’मधील वेलांटी गळून नुसता ‘क’ उरत असे. रेग्युलर एक्स्प्रेशनमधील बॅकस्लॅश कॅपिटल एक्स (\X) हे मात्रेसह पूर्ण अक्षर पकडणारे चिन्ह वापरल्यापासून मात्रा आपल्या अक्षराबरोबरच राहते.