नौपाड्यातली पेटी-दुरुस्ती: काम चोख, दर मात्र वाढवायला हवेत

ठाणे स्टेशनच्या पश्चिमेला उतरून गोखले रोडने चालत निघालं की नौपाड्यातल्या एका गल्लीत तळमजल्यावर हे दुकान आहे. पाटीवर 'पेटी दुरुस्ती व ट्यूनिंग' एवढंच लिहिलंय. पेटी म्हणजे हार्मोनियम. आत चार पेट्या मांडल्या की माणसाला बसायला जागा उरत नाही. मालक ऐरोलीतल्या सॉफ्टवेअर कंपनीची भरपूर पगाराची नोकरी सोडून या कामाला लागले. ठाण्यातल्या गाणाऱ्या मंडळींना हे ठाऊक आहे, आणि बरेच जण तेवढंच ऐकून तिथे पेटी नेतात. पण आवड असली म्हणजे हात बसतोच असं नाही. इथे तो बसलेला आहे की नाही, हे कामावरून बघू.

बेसूर झाली म्हणून आणलेली पेटी पुष्कळदा बेसूर नसतेच, तिचा भाता गळत असतो. हवा पुरत नाही म्हणून खर्जाच्या म्हणजे खालच्या सुराच्या रीड (हवेने थरथरून सूर देणाऱ्या पितळी जिभा) उशिरा बोलतात, वाजवणारा भाता जोरात मारतो, आणि जोर वाढला की खर्जाचे सूर किंचित उतरतात. त्यामुळे इथे कानस हातात घेण्याआधी गळती तपासतात. एकही पट्टी न दाबता भाता भरला की तो हाताला घट्ट लागला पाहिजे. हलका दाब ठेवल्यावर सरकत राहिला, तर हवा कुठेतरी निसटतेय. मग घडीच्या कोपऱ्यांतलं चामडं, पट्ट्यांखालची गादी, स्टॉपची म्हणजे हवेची वाट उघडबंद करणाऱ्या खुंट्यांची झाकणं अशा क्रमाने शोध घेतात. भात्याचं चामडं बदलायचं असेल तर मालक स्वतः करत नाहीत, एका जुन्या कारागिराकडे देतात आणि गिऱ्हाइकाला तसं आधीच सांगतात. आपल्या हाताची मर्यादा ओळखून काम दुसऱ्याला देणं, ही या दुकानाबद्दल भरवसा वाटायला लावणारी पहिली गोष्ट.

त्यानंतर रीड. साडेतीन सप्तकांच्या पेटीत ४२ पट्ट्या, खर्ज-नर जोडी असेल, म्हणजे प्रत्येक पट्टीला एक खालची (खर्ज) आणि एक सप्तकभर वरची (नर) रीड असेल, तर ८४ रीड. आधी धूळ काढायची, मग पितळी जिभेचं टोक ती जिच्यावर बसवलेली असते त्या चौकटीपासून किती उचललेलं आहे ते नीट करायचं. टोक जास्त वर असेल तर रीड हवा खाते आणि उशिरा बोलते. फार खाली असेल तर भाता जोरात मारल्यावर गुदमरते. ही उंची बदलली की सूरही बदलतो, म्हणून ते काम ट्यूनिंगच्या आधी व्हायला हवं. घाईत काम उरकणारे नेमकी हीच पायरी गाळतात, आणि मग लावलेली पेटी महिन्याभरात पुन्हा रेंगाळू लागते.

सूर चढवायचा तर जिभेच्या टोकाशी घासायचं, वजन कमी होतं आणि ती भरभर हलते. उतरवायचा तर मुळाशी खरवडायचं, ताठपणा कमी होतो. धोका दुसऱ्या कामात आहे. मूळ पातळ झालं की रिबेटीजवळ बारीक तडा जातो आणि भजनी मंडळाच्या जोरकस वादनात रीड तुटते. म्हणून खर्जाची रीड बरीच उतरवायची असेल तर इथे मुळाला हात न लावता टोकावर डाखाचा बारीक ठिपका देतात. घासल्याने पितळ तापतं आणि गरम असेपर्यंत सूर उतरलेला दिसतो, त्यामुळे प्रत्येक रीड निवल्यावर पुन्हा मोजतात. पहिला हात झाला की पेटी दोन दिवस तशीच ठेवतात आणि मग दुसरा हात फिरवतात. खर्ज आणि नर एकत्र वाजवल्यावर लहर ऐकू येता कामा नये, ही शेवटची परीक्षा. नराची रीड ४४१ हर्ट्झवर आणि खर्जाची २२० हर्ट्झवर असेल तर सेकंदाला एक हेलकावा ऐकू येतो. दुकानातून निघालेल्या पेटीत तसा हेलकावा सापडत नाही.

झाकणाच्या आतल्या बाजूला एक चिठ्ठी चिकटवलेली मिळते. तिच्यावर ८४ ओळी असतात, प्रत्येक रीडचा आधीचा आणि नंतरचा आकडा सेंटमध्ये (सेंट म्हणजे सप्तकाचा बाराशेवा भाग), पेन्सिलने लिहिलेला. 'खर्ज, ग: −११, −१.' 'नर, प: +६, ०.' हे कुणी मागितलेलं नसतं आणि त्याचे पैसेही लावत नाहीत. पण पुढच्या वेळी कुठली रीड वारंवार सरकतेय, म्हणजे कुठल्या रीडला तडा जायला लागला असावा, ते या चिठ्ठीवरून लगेच कळतं.

गांधार ट्यूनिंग, म्हणजे पेटीचे सूर तंबोऱ्याशी जुळवून लावणं, याबद्दल मालक स्पष्ट बोलतात, ते बरं. पाश्चात्त्य समान स्वरांतरात, म्हणजे सप्तकाचे बारा सारखे भाग केले तर, शुद्ध गंधार ४०० सेंटवर असतो, तर तंबोऱ्यातून ऐकू येणारा गंधार ३८६ वर. हा १४ सेंटचा फरक गायकाला खटकतो. १९४० ते १९७१ या काळात आकाशवाणीने पेटीला दूर ठेवलं त्यामागे मींड (एका सुरावरून दुसऱ्यावर न तुटता सरकणं) निघत नाही या आक्षेपाबरोबर हा स्वरांचाही आक्षेप होता. ठाण्याचेच डॉ. विद्याधर ओक, पेशाने औषधशास्त्राचे डॉक्टर, यांनी २२ श्रुतींची पेटी याच खटकण्यातून घडवली. साध्या पेटीत मात्र गांधार ट्यूनिंग एकाच षड्जाला जमतं. काळी एकला, म्हणजे पहिल्या काळ्या पट्टीला षड्ज धरून, लावलेली पेटी दुसऱ्या षड्जाला वाजवली तर काही सूर आधीपेक्षा वाईट लागू शकतात. स्केल चेंजर, म्हणजे पट्ट्या सरकवून षड्ज बदलता येणाऱ्या, पेटीतही सुटका नाही, कारण पट्ट्या सरकल्या तरी रीड जागेवरच असतात. एकच गायक, एकच षड्ज असेल तरच करून घ्या. क्लास घेणाऱ्यांनी अजिबात करू नये. दुकानात हे सगळं पैसे घेण्याआधीच सांगतात.

पावसाळ्याचं काम वेगळं. जुलैत लाकूड फुगतं आणि पट्ट्या अडकतात. इथे पट्टीची कड अगदी हलक्या पॉलिश पेपरने एक-दोनदाच पुसतात. जास्त घासलं तर जानेवारीत तीच पट्टी खुळखुळते. घरी पेटी प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवू नका, आत दमटपणा अडकतो आणि पितळ हिरवं पडतं. कापडी खोळ घाला, सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि दोन-चार दिवसांनी दहा मिनिटं वाजवा.

दोष आहेत. तारीख पाळली जात नाही. श्रावण लागला की चेंदणी कोळीवाड्यापासून घणसोलीपर्यंतच्या भजनी मंडळांच्या पेट्या येतात आणि गणपतीपर्यंत एकेका पेटीला पंधरा-वीस दिवस सहज लागतात. घरून पेटी नेण्याची सोय नाही. आणि मालकांचा जीव कामात इतका गुंततो की प्लायवूडच्या स्वस्त पेटीवरही ते दोन दिवस घालवतात. 'ही पेटी दुरुस्तीच्या लायकीची नाही' हे त्यांनी गिऱ्हाइकाला तोंडावर सांगायला शिकायला हवं.

सगळ्यात मोठी तक्रार दराची. खर्ज-नर पेटीच्या पूर्ण ट्यूनिंगला २,५०० रुपये घेतात. एका रीडला चार मिनिटं धरली तर ८४ रीडना साडेपाच तास. उघडणं, साफसफाई आणि दुसरा हात धरून साडेनऊ तास होतात. म्हणजे ताशी २६५ रुपयांच्या आतच. महिन्याला २०० तास एक मिनिटही वाया न घालवता काम केलं, तर २१ पेट्या आणि ५२,५०० रुपये. त्यातून नौपाड्याचं भाडं, वीज, चामडं, स्प्रिंग. तरीही लोक 'नुसती कानस तर फिरवायची' म्हणून घासाघीस करतात. आवडीचं काम करतो म्हणून त्याने स्वस्तात करावं, ही समजूत अन्यायाची आहे आणि अशीच दुकानं बंद पाडते. आमच्या मते या कामाचा रास्त दर ४,००० रुपये आहे. मालकांनी तो लावावा आणि गिऱ्हाइकांनी कुरकुर न करता द्यावा. चांगला पगार सोडून या धंद्यात येऊ पाहणाऱ्या तरुणांनीही हाच हिशेब आधी मांडावा: एका पेटीला किती तास, महिन्याला किती पेट्या, भाडं किती. शिवाय हात बसेपर्यंतची दोन-तीन वर्षं काढता येतील एवढी शिल्लक गाठीला हवी.

नेताना भात्याचे खटके लावा आणि सगळे स्टॉप बंद करा. रिक्षात सीटमागे ठेवू नका, खाली इंजिन असतं आणि उष्णतेने सरस सुटतो. मांडीवर किंवा पायाशी आडवी ठेवा. वाशी-कोपरखैरण्याहून येणाऱ्यांनी ट्रान्स-हार्बर लोकलने दुपारी निघावं, गर्दी कमी असते. स्केल चेंजर चांगलीच जड असते, सोबत कुणीतरी न्या. देताना तुमचा षड्ज कुठला आणि साथीला बासरी किंवा कीबोर्ड असतो का, ते सांगा. नसेल, आणि पेटी सगळीकडे सारखीच चढी असेल, तर ती ४४० हर्ट्झच्या प्रमाण सुरावर उतरवायचा हट्ट धरू नका. त्यासाठी ८४ मुळं खरवडावी लागतील. घरगुती वापराच्या पेटीला दोन-तीन वर्षांतून एकदा ट्यूनिंग पुरतं. प्रत्येक वेळी थोडं पितळ जातंच. महिन्याच्या आत एखादी रीड सरकली तर ती फुकट लावून देतात, तेव्हा झाकणातली चिठ्ठी न काढता पेटी परत न्या.