छत्तीस कप्प्यांचा डबा: चौदा महिन्यांनंतर

जुलैतल्या एका रात्री कपाटाच्या वरच्या फळीवरून भरतकामाच्या दोऱ्यांचा डबा काढताना हातातून सटकला आणि दोरा गुंडाळलेल्या सव्वाशे बॉबिनी फरशीभर झाल्या. झाकण शाबूत राहिलं, दोरेही फारसे सुटले नाहीत. पण एकेक बॉबिन उचलून बघते तर निम्म्यांवर रंगाचा नंबरच नाही! नंबरांचे गोल स्टिकर कप्प्यांच्या तळाला, एकमेकांना, काही तर थेट दोऱ्याला चिकटलेले. रात्री दीडपर्यंत मी ट्यूबलाइटखाली हिरव्याशेजारी हिरवा धरून बसले होते. तो राग अजून गेलेला नाही.

डबा तुम्ही पाहिलेला असणार. पारदर्शक प्लास्टिकचा, ३६ कप्पे, सोबत प्लास्टिकच्या चपट्या बॉबिनी, दोरा गुंडाळायची छोटी मूठ आणि छापील नंबरांच्या स्टिकरचे ताव. ऑनलाइन मागवला, सगळं मिळून साडेचारशेच्या आसपास पडलं. त्याआधी माझ्या लड्या बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात असायच्या आणि दर वेळी गुंता सोडवण्यात अर्धा तास जायचा, म्हणून साडेचारशे जास्त वाटले नाहीत.

पहिले पाच-सहा महिने मी या डब्याची सगळीकडे स्तुती केली, हेही सांगायला हवं. काळा लगेच हाती, पांढरा लगेच हाती. कुठला रंग संपत आलाय ते झाकण न उघडता दिसतं. मूठ तिसऱ्या महिन्यात तुटली, त्याचंही वाईट वाटलं नाही. मुठीनं दोरा ताणून गुंडाळला जातो आणि मग कडेला पडलेली घडी कापडावर टाका घालतानाही दिसत राहते. हातानं सैल गुंडाळलेलं चांगलं.

पण मी रत्नागिरीत राहते. इथे जूनपासून सप्टेंबरपर्यंत पापड, वह्या आणि काडेपेटी या तिन्हींची जी गत होते तीच स्टिकरच्या गोंदाची झाली. आधी कडा उचलल्या, मग धूळ बसली, मग गळून पडले.

ज्यांनी फुलीच्या टाक्याचं मोठं काम केलेलं नाही त्यांना वाटेल, एवढंसं स्टिकर, त्याचं काय एवढं? माझं काम भाचीच्या रुखवतासाठी चाललं होतं, १४ काउंटच्या आयडावर, म्हणजे इंचाला १४ चौकटी असलेल्या कापडावर, तुळशीवृंदावन. चार्ट, म्हणजे चौकटींचा नमुना, डीएमसी या दोऱ्यांच्या कंपनीच्या नंबरांचा, आणि तुळशीच्या पानांना ६९९ ते ७०४ अशा सलग सहा हिरव्या छटा. ६९९ गडद, ७०४ पोपटी, हे दोन टोकाचे आंधळ्यालाही कळतील. मधले ७०१ आणि ७०२ लडीवर कागद असतो तोवरच वेगळे. बॉबिनीवर गुंडाळले आणि स्टिकर गेलं की रात्रीच्या उजेडात ते एकच. मी त्या रात्री अंदाजानं दोन निवडले, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दिवा लावून चार ओळी भरल्या, आणि तिसऱ्या दिवशी सकाळी खिडकीत धरलं तर पानाच्या मधोमध उजळ पट्टा. चार ओळी उसवल्या. उसवलेला दोरा पिंजतो, पुन्हा वापरता येत नाही. एका लडीत ८ मीटर सहापदरी दोरा, म्हणजे दोन-दोन पदरांनी शिवलं तर २४ मीटर. त्यातला असा वाया गेलेला प्रत्येक हात मला मोजता येतो, कारण डीएमसी इथे मिळत नाही. पुण्याला बहिणीकडे गेले की तुळशीबागेतून वर्षाचं आणते.

विक्रेत्याला तीन वेळा लिहिलं. पहिल्यांदा उत्तर आलं की परतीची मुदत संपली. दुसऱ्यांदा, स्टिकर ही ‘वापरून संपणारी वस्तू’ आहे. तिसऱ्यांदा नवीन तावांची लिंक, वेगळे पैसे. म्हणजे जे चार महिन्यांच्या दमट हवेत टिकत नाही तेच पुन्हा विकत घ्यायचं. मी घेतलं नाही.

वरचं सगळं मी ऑगस्टच्या सुरुवातीला लिहून ठेवलं होतं आणि शेवटी ‘हा डबा घेऊ नका’ असं लिहिलं होतं. आता ते वाक्य काढलंय. डबा घ्या, चांगला आहे. हार्डवेअरच्या दुकानात खिळे-स्क्रूसाठी असाच डबा निम्म्या पैशात मिळतो. फक्त झाकण लावून आतल्या भिंतींवर किती फट राहते ते बघा. फट बोटभर असेल तर डबा आडवा झाला की बॉबिनी एका कप्प्यातून दुसऱ्यात जातात. बॉबिनी आणि स्टिकर मात्र विकत घेऊ नका.

आई लग्नपत्रिका कापून त्यावर दोरा गुंडाळायची. मला ते जुनाट वाटायचं. आता मीच तसं करते. जाड पत्रिकेचा दोन बोटं रुंद तुकडा, दोन्ही बाजूंना खाच, वर पंचिंगचं भोक. हळदकुंकू लावलेले कोपरे आधी कापून टाकायचे. दमटपणात हळदीचा डाग पांढऱ्या दोऱ्यावर उतरतो, माझी एक लडी तशी गेली. नंबर पेन्सिलनं, पत्रिकेच्या कोऱ्या बाजूवर. मार्करनं लिहू नका, शाई फुटून दोऱ्याला लागू शकते.

आणि खरी गोष्ट ही. लडीवरचा नंबराचा कागद मी वर्षानुवर्षं टाकून देत होते. आता तो टाकत नाही. त्याची घडी घालून, त्याच रंगाच्या एका पदरानं वरच्या भोकात बांधते. प्लास्टिकच्या जुन्या बॉबिनींनाही वर भोक असतं, त्यांनाही हे जमतं. गोंद नाही, शाई नाही, आणि नंबर कंपनीनं छापलेला, त्यामुळे माझ्या हातून ६ चा ० होण्याची भीती नाही. अँकर या दुसऱ्या कंपनीचे आणि डीएमसीचे दोरे एकाच डब्यात ठेवणाऱ्यांनी तर हे कराच. एकाचा काळा ४०३, दुसऱ्याचा ३१०; नुसता आकडा लिहिला की वर्षभरानं तो कुणाचा ते आठवत नाही. कागदावर नाव असतंच.

रंगांनुसार लावायचं की आकड्यांनुसार, यावर मी आकड्यांच्या बाजूची आहे. डीएमसीनं २०१७ मध्ये ३५ नवे रंग आणले त्यांना ०१ ते ३५ नंबर दिले, म्हणजे डब्याच्या सुरुवातीला सगळी सरमिसळ होते, हे खरं. तरीही चार्टवरून शोधताना आकडाच लागतो.

सुया या डब्यात ठेवू नका, गंजतात आणि गंज दोऱ्याला लागतो. बुटांच्या खोक्यातल्या सिलिका जेलच्या दोन पुड्या मी कोपऱ्यातल्या कप्प्यांत टाकल्या आहेत.

तुळशीची पानं गणपतीआधी पूर्ण झाली. बिननंबरी अकरा बॉबिनी अजून एका वेगळ्या पिशवीत आहेत, त्यांत पाच लालच्या छटा. दिवाळीत पुण्याला गेले की ती पिशवी दुकानात नेणार आहे, सकाळच्या वेळी, आणि शेडकार्ड दाराशी उजेडात धरून एकेक लावून बघणार आहे.