काळ-काम-वेग: अपूर्णांकाची रीत की लसाविची?

शाळेत हे प्रकरण अपूर्णांकांनी शिकवतात, भरतीच्या क्लासमध्ये लसाविने. मग परीक्षेच्या तोंडावर पोरं विचारतात, नेमकी कोणती रीत धरायची? माझं मत आधीच सांगतो: समजायला अपूर्णांक, वेळ वाचवायला लसावि. पण काही गणितांत लसाविची डाळ शिजत नाही, आणि ती ओळखता आली पाहिजेत.

अ एक काम 12 दिवसांत करतो, ब तेच 18 दिवसांत. दोघे मिळून किती दिवसांत करतील? अपूर्णांकाने गेलात तर अ चं एका दिवसाचं काम 1/12, ब चं 1/18. बेरीज 3/36 + 2/36 = 5/36. ती उलटी केली की 36/5, म्हणजे 7 पूर्णांक 1/5 दिवस. लसाविने गेलात तर एकूण काम 36 भाग धरायचं. अ रोज 3 भाग उरकतो, ब 2. 36 भागिले 5. उत्तर तेच येणार, कारण हा 36 म्हणजे तोच समान छेद. एका रीतीत तो पायरीपायरीला लिहावा लागतो, दुसरीत एकदाच काढून बाजूला ठेवता येतो.

हा फरक खरा जाणवतो तो आळीपाळीच्या गणितात. अ ला 9 दिवस लागतात, ब ला 12. एक दिवस अ, दुसऱ्या दिवशी ब, सुरुवात अ ची. काम 36 भाग. अ चे रोज 4, ब चे 3, दोन दिवसांत 7. दहा दिवसांत 35 भाग झाले, उरला 1. अकराव्या दिवशी पाळी अ ची, त्याला पाव दिवस पुरतो. उत्तर 10 पूर्णांक 1/4 दिवस, आणि कागदावर जेमतेम दोन ओळी. हेच अपूर्णांकांनी करताना 7/36 ला 5 ने गुणा, 1 मधून वजा करा, उरलेल्या 1/36 ला 1/9 ने भागा. अवघड काही नाही, पण घाईत चूक होते ती अशाच भागाकारात. तिघांपैकी एक मध्येच काम सोडून गेला, किंवा टाकीला खाली गळणारा नळ असला, तरी लसाविच बरी. गळणाऱ्या नळाचे भाग वजा करायचे, बस्स.

आता उलट बाजू. ‘दोघे मिळून 6 दिवसांत काम करतात, एकट्या ब ला अ पेक्षा 5 दिवस जास्त लागतात.’ इथे लसावि कशाचा काढणार? दिवसच माहीत नाहीत. 1/क्ष + 1/(क्ष + 5) = 1/6 असं समीकरण मांडावं लागतं; ते सोडवलं की अ चे 10 दिवस, ब चे 15. ज्याने एका दिवसाचं काम अपूर्णांकात लिहायची सवय ठेवली नाही, तो इथे पहिल्याच ओळीला थांबतो.

भास्कराचार्यांच्या लीलावतीत, म्हणजे इ.स. 1150 च्या सुमारास, याच जातीचं गणित आहे. चार झरे एक विहीर अनुक्रमे 1, 1/2, 1/3 आणि 1/6 दिवसात भरतात. चारही एकदम सोडले तर? त्यांची रीत अशी की अपूर्णांक उलटे करा, बेरीज घ्या, त्या बेरजेने 1 ला भागा. 1 + 2 + 3 + 6 = 12, म्हणून 1/12 दिवस. लसावि शोधायची गरजच पडत नाही.

दोन संख्यांचा गुणाकार भागिले बेरीज हे सूत्रही चालतं, पण दोघांपुरतंच.

सातवी-आठवीतल्या मुलाला सुरुवातीला लसाविची रीत देऊ नका. 36 भाग कुठून आले हे त्याला कळत नाही, मग तो भागांनाच दिवस समजून मोकळा होतो. अपूर्णांकवाल्याची नेहमीची चूक वेगळी: 5/36 पर्यंत येतो आणि उलटा करायचा विसरतो. दोघांच्या गणितात दोन्ही चुका एका नजरेत पकडता येतात. उत्तर वेगवान माणसाच्या निम्म्या आणि संथ माणसाच्या निम्म्या दिवसांच्या मध्येच पडायला हवं. वरच्या पहिल्या गणितात ते 6 आणि 9 च्या मध्ये हवं, आणि 7 पूर्णांक 1/5 तिथेच आहे.