केएमएस की बेंझोएट : घरच्या सरबतासाठी काय निवडावे?

फळांचा स्क्वॅश घरी करून तो वर्षभर टिकवायचा असेल, तर परिरक्षक म्हणून पोटॅशियम मेटाबायसल्फाइट, म्हणजेच केएमएस, आणि सोडियम बेंझोएट हे दोनच पर्याय प्रामुख्याने समोर येतात. (कोकमाच्या आगळाला मीठच पुरते, त्याचा येथे विचार नाही.)

रंगाचा प्रश्न लगेच निकालात निघतो. केएमएसमधून सुटणारा सल्फर डायऑक्साइड कोकम, जांभूळ किंवा काळ्या द्राक्षांचा लाल-जांभळा रंग फिका पाडतो, म्हणून तेथे बेंझोएटच घ्यावे. याउलट लिंबू आणि अननसाचा रस काळपट पडू नये, क जीवनसत्त्व टिकावे, यासाठी केएमएस खरोखर सरस आहे, हे मान्य करायला हवे.

तरीही माझे मन केएमएसवरून उडाले ते एका पाकिटामुळे. शंभर ग्रॅमच्या पाकिटातील चार-पाच ग्रॅम वापरून उरलेले मी डब्यात ठेवले आणि पुढच्या वर्षी त्याच मापाने लिंबाच्या स्क्वॅशमध्ये घातले. महिन्याभरात बाटल्यांची झाकणे फुगली, आणि एक उघडताच निम्मा स्क्वॅश फसफसून ओट्यावर आला. ही पूड हवेतील दमटपणाने हळूहळू आपला सल्फर डायऑक्साइड गमावते, पण दिसते मात्र पूर्वीसारखीच; तिच्यात किती जोर उरला आहे, हे घरी कळण्याचा मार्ग नाही. बेंझोएटची बरणी मी चौथ्या वर्षीही निर्धास्तपणे वापरली आहे. फक्त ते आधी थोड्या कोमट पाण्यात विरघळवावे लागते, नाहीतर आंबट रसात त्याचे बारीक खडे तळाशी बसतात.

सुरक्षिततेच्या बाबतीतही माझा कल तिकडेच आहे. जुन्या फळ उत्पादने आदेशाने स्क्वॅशसाठी किलोमागे ३५० मिलिग्रॅम सल्फर डायऑक्साइड किंवा ६०० मिलिग्रॅम बेंझोइक आम्ल अशी कमाल मर्यादा ठेवली होती. या मापाने साठ ग्रॅम स्क्वॅशच्या एका पेल्यातून जास्तीत जास्त २१ मिलिग्रॅम सल्फर डायऑक्साइड पोटात जातो. आंतरराष्ट्रीय तज्ज्ञ समितीने मानलेली रोजची मर्यादा शरीराच्या प्रत्येक किलो वजनामागे ०.७ मिलिग्रॅम, म्हणजे वीस किलोच्या मुलासाठी १४ मिलिग्रॅम आहे. बेंझोएटची मर्यादा याच समितीने २०२१ मध्ये ५ वरून २० मिलिग्रॅम केली, त्यामुळे तेथे बराच वाव उरतो. दम्याच्या काही रुग्णांना सल्फाइटचा त्रास होतो, हेही घरात तसे कोणी असल्यास विसरू नये.

बेंझोएट निर्दोष आहे, असे मात्र नाही. क जीवनसत्त्वाबरोबर उष्णता आणि प्रकाश मिळाल्यास त्यापासून अत्यल्प बेंझिन तयार होऊ शकते, म्हणून लिंबाच्या बाटल्या खिडकीशी न ठेवता फ्रिजमध्ये ठेवाव्यात. मात्रा वाढली, तर घशाशी किंचित जळजळही जाणवते.

आमच्याकडे आता केएमएस फक्त अननसासाठी, तेही सर्वांत लहान पाकीट आणले जाते, आणि उरलेली पूड त्याच आठवड्यात शेजारी वाटून टाकली जाते.