सरदारकी की स्टँडअप: कोणतं आयुष्य घ्यावं?

ऐतिहासिक नाटकात सरदार उभा करायचा की ओपन माइकला, म्हणजे कोणीही नाव देऊन काही मिनिटं विनोद करू शकतो अशा कार्यक्रमाला, नाव नोंदवायचं, हा प्रश्न ठाण्यात नोकरी सांभाळून रंगमंचाची ओढ असलेल्या बऱ्याच जणांपुढे येतो. माझ्यापुढेही आला. एका हौशी संस्थेच्या नाटकात मी काही हंगाम सरदार केला आणि त्याच काळात संध्याकाळी कॅफेंमध्ये पाच-पाच मिनिटांचे सेट करत होतो. तालीम आणि माइक एकाच वारी येऊ लागले तेव्हा एक सोडणं भाग होतं. सोडताना मात्र तुलना दोन भूमिकांची राहिली नाही, दोन आयुष्यांची झाली. भूमिकेसाठी म्हणून त्या काळाबद्दल वाचायला घेतलं होतं, ते नाटक सुटल्यावरही सुटलं नाही. सरदार खरोखर कसा जगत होता हे जसजसं कळत गेलं, तसतसं माझं मत एका बाजूला झुकत गेलं. जहागीर म्हणजे पगारापोटी वसुलीसाठी नेमून दिलेला मुलूख, मनसब म्हणजे मुघल चाकरीतला आकड्यात मोजलेला दर्जा, सेटअप म्हणजे विनोदाची आधीची मांडणी आणि पंच म्हणजे हसू आणणारा शेवट, एवढं लक्षात असलं की पुरे. वाडे, वीज, दवाखाने हे बाजूला ठेवतो, कारण त्यावरून निकाल लावायला कोणाला विचारायची गरज नाही.

पैशात सरदार सरस, निदान कागदावर. अकबराच्या काळी पाच हजारी मनसबदाराचा स्वतःचा पगार महिना ३०,००० रुपयांपर्यंत जात असे. त्यातून हत्ती, घोडे, उंट, गाड्या पोसायच्या असल्या तरी रक्कम डोळे दिपवणारी होती. पण ती बहुधा रोख मिळत नसे. तेवढ्या वसुलीची जहागीर नेमून मिळे आणि वसूल काही कागदाप्रमाणे येत नसे. शाहजहानच्या काळात तर जहागिरीचं मोल महिन्यांत मोजू लागले, अमकी आठमाही, तमकी सहामाही. नाव बारा महिन्यांच्या पगाराचं, हातात सहा महिन्यांचं. दख्खनमध्ये कित्येकांना चार महिन्यांचंही पुरतं मिळत नव्हतं. त्यात तीन-चार वर्षांनी बदली. आपण विहीर खणावी आणि मोट दुसऱ्याने चालवावी, अशी गत.

स्टँडअप करणाऱ्याचा, म्हणजे कॉमिकचा, हिशेब मी स्वतः अनुभवला आहे. ओपन माइकला काही मिळत नाही, काही ठिकाणी उलट नाव नोंदवायचेच पैसे भरावे लागतात. कंपनीच्या स्नेहसंमेलनात वीस मिनिटं मिळाली की बरी रक्कम ठरते, पण त्यातून १० टक्के टीडीएस कापला जातो आणि उरलेल्यासाठी दोन-तीन महिने आठवणीचे मेल पाठवत बसावं लागतं. माझ्या घराचा हप्ता आजही नोकरीतूनच जातो. तेव्हा इथे सरदाराचं पारडं जड, हे मोकळेपणाने मान्य करतो.

फक्त ते कमावलेलं पोराबाळांना मिळेल याची खात्री नव्हती. मुघल उमराव वारला की त्याच्या मालमत्तेवर सरकारी मोहर बसे. आधी बादशाही येणं वसूल होई, मग उरलेलं बादशहाच्या मर्जीनं वारसांकडे. फ्रेंच प्रवासी बर्निये याने नेकनाम खान नावाच्या एका वृद्ध उमरावाची हकीकत लिहून ठेवली आहे. चाळीस-पन्नास वर्षं मोठमोठ्या हुद्द्यांवर राहून या खानाने अफाट माया जमवली होती. मरण जवळ आलं तसं त्याने ती गुपचूप विधवांना आणि गरजूंना वाटून टाकली. मग पेट्यांमध्ये जुनं लोखंड, हाडं, झिजलेले जोडे आणि चिंध्या भरल्या, मोहर लावली आणि हे सगळं शाहजहान बादशहांचं आहे असं सांगून ठेवलं. पेट्या उमरावांच्या देखत, भर दरबारात उघडल्या गेल्या. सेटअप आणि पंच दोन्ही इतके नेमके मी क्वचित ऐकले आहेत. पण एवढं एक बोलायला त्या माणसाला मरावं लागलं, हे मला आजही लागतं.

जिवाच्या धोक्याबद्दल दोन्हीकडे बोलायला हवं. सिंदखेडचे लखुजी जाधवराव १६२९ मध्ये निजामशहाच्या मुजऱ्याला दौलताबादला गेले आणि दरबारातच मुलांसह मारले गेले. शहाजीराजांनी १६३६ मध्ये आपल्या आसनगावजवळच्या माहुलीवर शेवटपर्यंत निजामशाही धरून ठेवायचा प्रयत्न केला. किल्ला द्यावा लागल्यावर, ज्या आदिलशाहीचं सैन्य वेढ्यात समोर होतं तिचीच चाकरी पत्करून त्यांना कर्नाटकात जावं लागलं. पुढे १६४८ मध्ये त्याच आदिलशाहीने त्यांना जिंजीजवळ कैद केलं. इतक्या मोठ्या माणसाचं हे, तर मधल्या फळीतल्या सरदाराचं काय असेल?

कॉमिकही सुरक्षित आहे असं मी म्हणणार नाही. कॉमिक मुनव्वर फारुकीला १ जानेवारी २०२१ रोजी इंदूरमध्ये पोलिसांनी कार्यक्रमातूनच नेलं आणि सर्वोच्च न्यायालयाचा अंतरिम जामीन मिळाला तो ५ फेब्रुवारीला. मार्च २०२५ मध्ये खारच्या हॅबिटॅट या कॉमेडीच्या जागेत मोडतोड झाली आणि ती जागा काही काळ बंद राहिली. आमच्या ओळखीतल्या कित्येकांची पहिली पाच मिनिटं त्याच स्टेजवर झाली होती. मी रात्री घरी आलो की आई आधी जेवण वाढते आणि मग विचारते, ‘कोणाचं नाव नाही ना घेतलंस रे?’ ही भीती खरी आहे. तरी दाद मागायला एक दार आहे. लखुजींना ते नव्हतं. ज्याने मारलं, दादही त्याच्याकडेच मागायची होती.

एका बाबतीत मात्र सरदाराच्या आयुष्याला माझ्याकडे तोड नाही. त्याच्या हो किंवा नाही म्हणण्याला वजन होतं. अफजलखान १६५९ मध्ये चालून आला तेव्हा मावळातल्या देशमुखांना खानाला सामील होण्याची आदिलशाही फर्मानं आली. कारीचे कान्होजी जेधे आपल्या मुलांना घेऊन शिवाजी महाराजांकडे गेले आणि पिढ्यान्‌पिढ्यांच्या वतनावर त्यांनी पाणी सोडलं. उत्रवळीचे खंडोजी खोपडे खानाकडे गेले आणि पुढे एक हात आणि एक पाय गमावून बसले. एका संध्याकाळच्या निर्णयावर घरदार, गावं, पुढच्या पिढ्या, सगळं पणाला लागलेलं असे. माझा सेट पडला तर मी उदास होऊन लोकल पकडतो, जगाचं काही अडत नाही. ज्याला आपल्या कृतीला असं वजन हवं आहे, त्याने सरदाराकडे ओढलं जाणं मला पूर्ण समजतं. रोहिडखोऱ्यात फिरताना मलाही तसंच वाटतं.

आता ज्या एका त्रासाने माझा निर्णय झाला त्याकडे येतो. तो त्रास उभं राहण्याचा.

आमच्या नाटकात दरबाराचा एक लांब प्रवेश होता. अंगरखा, शेला, मंदिल, कमरेला तलवार, पायांत कडक जोडे आणि वरून दिव्यांची धग. त्यात मला एकही वाक्य नव्हतं. सिंहासनाकडे तोंड करून, हात बांधून, नजर खाली ठेवून उभं राहायचं. ‘दरबारात कोणी हलत नाही,’ ही दिग्दर्शकांची सूचना बरोबरच होती. टाचेतून कळ निघे, घाम भुवईवरून डोळ्यात उतरे, पण तेही सोसता येत होतं. सोसवत नव्हतं ते गप्प राहणं. समोर एवढं काही घडतंय, मला त्यावर काही म्हणायचंय, आणि माझं काम फक्त तिथे दिसणं एवढंच आहे.

आधी वाटायचं, हा नाटकाचा भाग आहे. मग वाचनात आलं की खऱ्या दरबारातही हेच होतं, आणि रोज होतं. मुघल उमरावांना सकाळ-संध्याकाळ हजेरी सक्तीची होती. आठवड्यातून एकदा चोवीस तास चौकी, म्हणजे पहारा, मोठ्यातल्या मोठ्या उमरावालाही. त्या दिवशी जेवण बादशहाकडून येई, पण ते स्वीकारताना महालाच्या दिशेला तोंड करून तसलीम, म्हणजे दरबारी मुजरा, करायची. दरबारात कोणी कुठे उभं राहायचं ते मनसबीवरून ठरलेलं आणि बसण्याचा प्रश्नच नाही. विचारल्याशिवाय बोलायचं नाही, परवानगीशिवाय निघायचं नाही. आग्र्याला १२ मे १६६६ रोजी शिवाजी महाराजांना पाच हजारींच्या रांगेत उभं केलं गेलं. नजराणा स्वीकारला गेला, पण एक शब्द कोणी बोललं नाही, आणि मानाची वस्त्रं दुसऱ्यांना मिळाली. महाराज संतापून तिथून बाजूला झाले, ते आपल्याला शाळेपासून माहीत आहे. वाचताना मी मात्र त्याच रांगेत उभ्या राहिलेल्या बाकीच्यांपाशी अडकलो. तीही लढलेली, कर्तबगार माणसं होती. दुसऱ्या दिवशी सकाळी ती पुन्हा येऊन तिथेच उभी राहिली असणार.

कॉमिकलाही उभंच राहावं लागतं. आधी तर बरंच ताटकळावं लागतं. लाइनअपमध्ये नाव शेवटी असलं की इतरांचे सेट ऐकत मागच्या भिंतीला टेकून दीड-दोन तास जातात. समोर वीस-पंचवीस माणसं, त्यातली निम्मी आपल्यासारखीच नंबर लागायची वाट बघणारी, आणि पंचच्या नेमक्या क्षणी काउंटरवर मिक्सर सुरू होतो. हे सगळं आहे. पण नाव पुकारलं की पाच मिनिटं माझी असतात. वेळ संपत आल्याचा लाइट दाखवेपर्यंत मला कोणी थांबवत नाही. समोरचे गप्प बसले तर ते गप्प बसणंही मला मिळालेलं उत्तर असतं, आणि त्यानंतर पुढचं वाक्य बोलायची मुभा माझ्याकडेच राहते.

घोडबंदर रोडवरच्या एका कॅफेत वडील आणि मुलगा यांच्यावरचा माझा एक सेट चालू असताना पुढे बसलेले एक काका म्हणाले, ‘हे काही पटलं नाही बुवा.’ मी विचारलं, ‘काय नाही पटलं, काका?’ ते आपल्या मुलाबद्दल सांगू लागले. सगळी खोली ऐकत होती आणि हसत होती, काकाही हसत होते. त्यांच्या बोलण्यातला एक तुकडा त्यांना विचारून मी पुढे सेटमध्ये घेतला. कोणत्याही दरबारात, कोणत्याही मनसबीवर असं काही घडू शकलं असतं का, असा विचार मी त्या रात्री माजिवड्यापर्यंत चालत येताना करत होतो. त्याच आठवड्यात नाटकवाल्यांना फोन करून पुढच्या हंगामासाठी दुसरा कोणी बघायला सांगितलं.

ही माझी तब्येत झाली, तुमची वेगळी असू शकेल. ज्यांना बोलण्यापेक्षा करून दाखवणं जवळचं वाटतं, ज्यांना शिस्तीत आणि परंपरेत बळ मिळतं, त्यांना सरदारच भावेल आणि ते योग्यच आहे. एवढंच लक्षात असू द्या की त्या काळात जन्म मिळाला तरी सरदाराच्याच घरात मिळेल असं नाही. माझ्यासारख्याला बहुधा बहुरूपी किंवा सोंगाड्या म्हणून एखाद्या वाड्याच्या दारात बिदागीची वाट बघावी लागली असती. त्या सोंगाड्याला मात्र दारात उभं राहून का होईना, बोलता येत होतं.

अजून ठरत नसेल तर दोन्ही करून बघा, पण आधी नाटकात वाक्य नसलेला सरदार करा. दरबाराचा प्रवेश संपेपर्यंत तुमचं तुम्हाला कळेल. नंतर माइककडे वळलात तर सुरुवात ठाण्यातल्या किंवा वाशीतल्या छोट्या जागेपासून करा, खार-अंधेरी नंतर. दादरला बदलून शेवटची ठाणे लोकल गाठायची चिंता डोक्यात असली की शेवटचा पंच घाईत जातो.