रिपोर्ट नॉर्मल आला आणि मी फसले

गेल्या मार्चमध्ये माझा टीएसएच (थायरॉइड मंदावला की रक्तात वाढणारं हार्मोन) १४ आला, म्हणजे बराच जास्त. डॉक्टरांनी थायरॉक्सिनची, म्हणजे कमी पडणाऱ्या थायरॉइड हार्मोनची, ५० मायक्रोग्रॅमची गोळी सुरू केली. दीड महिना झाला तरी न्हाणीघराच्या जाळीत रोज केसांचा पुंजका अडकलेला असायचा आणि भुवयांची बाहेरची टोकं पार विरळ झाली होती. आमच्या रामबागेतल्या भिशीत कुणीतरी राजवाड्याकडच्या एका हेअर क्लिनिकचं नाव सांगितलं.

तिथल्या माणसाने कॅमेरा डोक्यावर फिरवून पडद्यावर टाळू दाखवली आणि म्हणाला, "भाभीजी, ये थायरॉइड की गोली ही बाल खा रही है. पहले इसे बंद करो." गोळी सुरू केल्यानंतरच गळती वाढली होती, म्हणून मला ते पटलं. तेल, चूर्ण आणि केसांच्या गोळ्या, तीन महिन्यांचे १८,५०० रुपये. मी भरले आणि थायरॉक्सिन सोडलं.

दोन महिन्यांनी त्यांनीच टीएसएच करायला लावला. ३.१! "देखिए, जड़ से ठीक." मी घरी येऊन देवापुढे साखर ठेवली.

पण अंगात त्राण नव्हतं. पाय सुजायचे, आवाज घोगरा झाला, गरगर पंखे फिरत असताना मला शाल लागे. शेवटी वहिनी मला ओढतच जुन्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. त्यांनी रिपोर्ट बाजूला ठेवला आणि विचारलं, "केसांसाठी काही घेताय का?" डबी दाखवली. एका गोळीत १० मिलीग्रॅम बायोटिन, म्हणजे ब गटातलं एक जीवनसत्त्व! शरीराची रोजची गरज ३०-४० मायक्रोग्रॅमच्या आसपास असते. एवढं बायोटिन रक्तात असलं की पुष्कळ लॅबमधल्या तपासणीत टीएसएच खोटा कमी दिसतो. आठवडाभर केसांच्या गोळ्या बंद करून त्याच लॅबमध्ये पुन्हा रक्त दिलं. टीएसएच ३८.

माझा तो 'बरा झालेला' थायरॉइड त्यांच्याच डबीतून आला होता. मला राग पैशांचा कमी येतो, या दोन महिन्यांचा जास्त.

डॉक्टरांनी समजावलं की हार्मोन बिघडलं की केसांची मुळं विश्रांतीत जातात आणि गळती दोन-तीन महिन्यांनी दिसते, म्हणून उपचार सुरू झाल्यावरही काही काळ केस जातातच. शरीरातला लोहाचा साठा दाखवणारं फेरिटिनही कमी निघालं. आता पहाटे उपाशीपोटी थायरॉक्सिनची गोळी, पोहे-चहा तासाभराने, लोहाची गोळी त्यानंतर चार तासांनी. दर सहा-आठ आठवड्यांनी टीएसएच. घरात कुणी केसांच्या गोळ्या घेत असेल तर थायरॉइडचं रक्त देण्याआधी ती डबी डॉक्टरांना नक्की दाखवा, आणि कुणाच्याही सांगण्यावरून थायरॉक्सिन स्वतःहून सोडू नका.

क्लिनिकने पैसे परत दिले नाहीत. बिल म्हणजे साधी पावती, त्यावर औषधांची नावंही नाहीत. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे. दोन्ही रिपोर्ट आणि ती डबी मी जपून ठेवली आहे.